धागा : यूएसबीला सगळं जोडलं की कॉम्प्युटर गोठतोय, खरंच मदरबोर्ड बदलायचा का?

खानापूरची_ताई

नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, उतारे, जातीचे-उत्पन्नाचे दाखले, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचे अर्ज, पोरांचे परीक्षेचे फॉर्म असं सगळं चालतं. कॉम्प्युटर असेंबल केलेला, आय३, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. त्याला काय काय जोडलंय ते सांगते: इंक टँकचा ऑल-इन-वन, एक लेझर प्रिंटर, पावतीचा थर्मल प्रिंटर, बोटाचे ठसे घ्यायचं मशीन, वेबकॅम, वायरलेस माऊस-कीबोर्डचा डोंगल, बाहेरची हार्डडिस्क (गिऱ्हाइकांचे सगळे स्कॅन त्यातच जातात), टेबलावरचा छोटा यूएसबी पंखा, आणि दिवसभर कुणाचा ना कुणाचा पेन ड्राइव्ह नाहीतर मोबाईल. पोर्ट पुरत नाहीत म्हणून सात पोर्टांचा हब घेतलाय, त्याला वेगळा अडॅप्टर नाही.

त्रास असा, की काम चालू असताना मध्येच सगळं गोठतं. कधी अर्धा-एक मिनिट थांबून आपोआप परत चालू होतं आणि कधी होतच नाही, बटण दाबून धरून बंद करावं लागतं. अर्ज भरत भरत शेवटच्या पानावर आलं आणि असं झालं की समोर उभ्या माणसाला काय सांगायचं? कणकुंबी-जांबोटीकडनं माणसं बस पकडून येतात, त्यांची परतीची बस ठरलेली असते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी चालू होती तेव्हा २०२३ ला एवढी गर्दी होती तरी असं झालं नव्हतं, तेव्हा जोडलेलं सामान निम्मंच होतं.

सगळं काढून फक्त माऊस-कीबोर्ड ठेवला की एकदाही अडकत नाही, हे मात्र पक्कं. मेकॅनिकनं फॉरमॅट मारून दिलं, काही फरक नाही. आता म्हणतोय मदरबोर्ड गेलाय. तो खर्च आत्ता जमणारा नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

हलशीकर

ताई, मदरबोर्डाला हात लावू नका इतक्यात. पंखा काढा आधी :)

निपाणी_नाद

सगळं काढलं की चालतंय म्हंजे मशीन चांगलं हाय, मदरबोर्डाचा विषयच न्हाई. करंट कमी पडालाय. एका अर्ध्या इंची पाइपाला सात नळ लावल्यावर शेवटच्याला पाणी कुठनं येणार? अडॅप्टरवाला हब घ्या, विषय कट.

उद्यमबाग_वायरमन

@निपाणी_नाद विषय इतक्यात कट होत नाही भावा. अडॅप्टरवाला हब घ्या म्हणणं बरोबर आहे पण कुठला पण घेऊन चालत नाही. आमच्या फॅक्टरीत एका टेबलाला असलाच स्वस्तातला एक लावलो होतो. पीसी बंद केला तरी कॅबिनेटवरची लाइट मंद पेटलेलीच, आणि सकाळी बटण दाबलं की फॅन अर्धवट फिरून थांबायचा. मी प्लगच काढून बघितलो तर लाइट तशीच! म्हणजे हबचा अडॅप्टर उलटा पीसीलाच करंट द्यायलाय. आत उलटा करंट अडवायचा भागच घातलेला नसतो असल्या हबात.

घ्यायच्या आधी दुकानातच बघून घ्या ताई. पीसीचा प्लग काढायचा, हबचा अडॅप्टर चालू ठेवायचा, हबची वायर पीसीला लावायची. कॅबिनेटची लाइट पेटली किंवा आत काही हललं तर तो हब तिथंच परत द्यायचा.

अनगोळकर

ताईंनी एक फार कामाची गोष्ट सांगितलीय आणि ती सगळ्यांच्या नजरेतून सुटलीय. कधी अर्धा-एक मिनिट थांबून परत चालू होतं, आणि कधी होतच नाही. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि एकाच वेळी एका हबवर आल्यामुळे एकच वाटतायत.

पहिला बिघाड, थांबून परत चालू होणारा. हा हार्डडिस्कचा वाटतो. डिस्कला करंट कमी पडला की ती क्षणभर गायब होते. विंडोज मात्र तिच्या उत्तराची वाट बघत बसतं, ही मुदत मुळात ६० सेकंदांची ठेवलेली असते. तेवढ्या वेळात फाइल उघडा, सेव्ह करा, फोल्डर बघा, सगळं अडकून राहतं. मग डिस्क रिसेट होते, परत बोलायला लागते आणि सगळं एकदम धाडधाड चालू होतं. हे खरं का ते बघायला काही विकत घ्यायला नको. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथं डिस्क नावानं १५३ किंवा 'रिसेट टू डिव्हाइस' असं म्हणणारा १२९ नंबर दिसतोय का आणि त्याची वेळ तुमच्या गोठण्याच्या वेळेशी जुळते का एवढं बघा. तिथंच कर्नल-पॉवर ४१ असं लाल खुणेनं दिसेल, त्याला घाबरू नका. तुम्ही बटण दाबून बंद करता त्याची ती नोंद आहे, त्यातून कारण कळत नाही.

दुसरा बिघाड, परत चालूच न होणारा. यात कॉम्प्युटर खरंच गोठलाय की फक्त माऊस-कीबोर्ड मेलाय हे आधी ठरवा. डोंगल त्याच हबवर आहे ना? हब कोलमडला तर तुमच्या हातातलं सगळंच जातं, स्क्रीन तशीच राहते, आणि माणसाला वाटतं मशीन गोठलं. एखादा गाण्याचा व्हिडिओ कोपऱ्यात चालू ठेवा. माऊस मेल्यावर पण गाणं चालू राहिलं तर मशीन जिवंत आहे, बटण दाबून मारू नका, हबची वायर काढून परत लावा.

आता करंटचा हिशोब. यूएसबी २.० चं पोर्ट नियमानं ५०० मिलीअँप देतं, ३.० चं ९००. बिनअडॅप्टरचा २.० हब १०० स्वतःला ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक पोर्टाला १०० देऊ शकतो, म्हणजे चारच पोर्ट नियमात बसतात. सात पोर्टांचा बिनअडॅप्टरचा हब मुळात नियमातच बसत नाही, लोक पेन ड्राइव्ह-माऊस लावतात म्हणून निभावून जातं. प्रिंटर तिन्ही भिंतीवरून करंट घेतात, ते या हिशोबात धरू नका. खाणारे तीनच: हार्डडिस्क, पंखा आणि चार्जिंगला लागलेला मोबाईल. हार्डडिस्क तर फिरायला सुरुवात करताना एकटीच ५०० च्या वर सहज जाते.

हलशीकर

बघा, मी पंखा म्हटलंच होतं!

चिकोडी_रिपेअर

मी रिपेअरिंगच करतो म्हणून लिहितोय. मेकॅनिकला नावं ठेवायच्या आधी एक बघा. गिऱ्हाईक काय करतं, फक्त सीपीयू उचलून आणतं. प्रिंटर, हब, हार्डडिस्क सगळं दुकानातच. माझ्या टेबलावर तो सीपीयू दिवसभर पळतो, एकदा पण अडकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं अडकतोय, मला काहीच दिसत नाही, मग फॉरमॅट मारणं आणि मदरबोर्डावर संशय घेणं एवढंच हातात राहतं. म्हणून मी आता सांगूनच ठेवलंय, यूएसबीची तक्रार असेल तर सगळं सामान वायरींसकट आणा, नाहीतर मला तिकडं बोलवा.

आता कामाचं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यूमध्ये जाऊन 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' करा. मग कोण कुणाच्या खाली लटकलंय त्याचं झाड दिसतं. बाहेरून वेगवेगळी वाटणारी पोर्ट आत एकाच फांदीवर असतात. बऱ्याच बोर्डांवर शेजारशेजारच्या दोन पोर्टांना मिळून एकच फ्यूज असतो, तापला की सोडतो आणि गार झाला की परत जोडतो. आणि कॅबिनेटच्या पुढची पोर्ट बारीक वायरनं आतून आणलेली असतात, हार्डडिस्क पुढं कधीच लावू नका, कायम मागं, थेट बोर्डावर.

दोषी शोधायला निम्मं-निम्मं करायचं. निम्मं सामान काढा, चालतंय का बघा. चाललं तर काढलेल्यातलं निम्मं परत जोडा. एकेक काढत बसलात तर आठवडा जातो.

टिळकवाडी_मास्तर

चर्चा उत्तम चालली आहे. मी निवृत्त शिक्षक, घरी गाण्याच्या शिकवण्या घेतो आणि त्यांचं रेकॉर्डिंग करतो. साउंड इंटरफेस एक आणि दोन वेबकॅम. एक कॅमेरा पेटीवरच्या बोटांवर, एक समोरून. दोन्ही कॅमेरे एका हबवर लावले की एक चालतो, दुसरा काळा पडतो, किंवा आवाज खरखरतो. करंटचा प्रश्न नाही कारण हबला स्वतंत्र अडॅप्टर आहे. शिवाय एका यूएसबीला १२७ साधनं जोडता येतात असं वाचलं होतं, मग दोन कॅमेऱ्यांतच का अडावं?

अनगोळकर

सर, १२७ हा नुसता पत्त्यांचा आकडा आहे. पत्ता सात बिटांचा असतो म्हणून तेवढे पत्ते होतात, तेवढी साधनं नीट चालतील असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. प्रत्येक साधन आत अनेक एंडपॉइंट, म्हणजे डेटा यायच्या-जायच्या वाटा, व्यापतं. वेबकॅम, त्याचा माईक, साउंड कार्ड, ऑल-इन-वन, एकेकाचे चार-पाच होतात. इंटेलच्या बऱ्याच कंट्रोलरांत (यूएसबी सांभाळणाऱ्या चिपांत) ही मर्यादा ९६ आहे. ती भरली की 'नॉट इनफ यूएसबी कंट्रोलर रिसोर्सेस' असा संदेश येतो आणि नवीन साधन दिसतच नाही.

तुमचं मात्र बँडविड्थचं आहे, म्हणजे एका वेळी किती डेटा जाऊ शकतो त्याचं. २.० ची गती ४८० मेगाबिट. कॅमेरा आणि साउंड कार्ड यांना वेळच्या वेळी डेटा लागतो, म्हणून ते आपली जागा आधीच राखून ठेवतात, आणि अशा राखीव कामाला एकूण वेळेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. एका साध्या कॅमेऱ्यानं ६४० बाय ४८० चं चित्र न दाबता सेकंदाला ३० वेळा पाठवलं तरी जवळजवळ १५० मेगाबिट जातात. दोन कॅमेरे आणि वर साउंड कार्ड, झालं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एमजेपेग (चित्र दाबून पाठवायची पद्धत) निवडा, आणि एक कॅमेरा वेगळ्या कंट्रोलरच्या पोर्टाला लावा, झाडात कळेल कुठला ते.

आणि हब ३.० चा घेतला म्हणून सुटत नाही. ३.० च्या हबात खरं तर दोन हब असतात, एक ३.० चा आणि शेजारी एक २.० चा. तुमचे २.० चे कॅमेरे त्या दुसऱ्यातच बसतात, ४८० तेच राहतात.

टिळकवाडी_मास्तर

एमजेपेग केल्यावर दोन्ही कॅमेरे एकदम दिसले. मनापासून आभार. साउंड इंटरफेस उद्या मागच्या पोर्टाला लावून बघतो.

भालकी_लिनक्स

नमस्कार बीदरकडनं. ताई, माझं ऐका, एका पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून त्याच्यावरनं चालू करून बगा. तुमच्या विंडोजला हात लागत नाई, काही इन्स्टॉल करायचं नाई. टर्मिनलमध्ये sudo dmesg -w ही कमांड चालू ठेवायची, आन् मग सगळं सामान एकेक जोडायचं. काय जोडलं, कुठल्या पोर्टावर बसलं, कुणी हात सोडला ते ओळीनं समोर येतंय. 'ओव्हर-करंट' आलं तर करंटचा घोटाळा, नुसतं डिस्कनेक्ट-रिसेट येत राहिलं तर वायर नाईतर हब. विंडोज हे सगळं झाकून ठेवतंय.

निपाणी_नाद

दुकानात गिऱ्हाइकांची लाईन लागल्याली आणि ताई काळ्या पडद्यावर कमांड मारत बसणार व्हय? काय पण.

भालकी_लिनक्स

दुकान बंद झाल्यावर करा म्हणतोय मी. रात्री निवांत. आन् लिनक्सवर पण तसंच गोठलं तर ड्राइव्हरचा दोष नाई हे तरी पक्कं होतंय ना, परत फॉरमॅटचे पैसे वाचतेत.

निपाणी_नाद

हां, हे पटलं. बरं आता माझं पण एक सांगतो, सुटलं तर बघा. आमचा गुळाचा व्यापार, इलेक्ट्रॉनिक काटा पीसीला जोडलाय, काट्याची जुनी सिरियल वायर आणि पुढं यूएसबी कन्व्हर्टर. पीसी चालू असताना जोडला तर गुमान चालतोय. पर सकाळी काटा चालू ठेवून पीसी चालू केला की माऊसचा बाण येड्यागत पळतोय सगळ्या स्क्रीनवर, आपोआप क्लिक हुत्यात, फोल्डर काय उघडत्यात, बिल काय बंद हुतंय. पोरं म्हणाली व्हायरस. अँटीव्हायरस टाकला, काय सापडलं न्हाई.

चिकोडी_रिपेअर

@निपाणी_नाद व्हायरस नाही अण्णा, हे मी बघितलंय. काटा न थांबता आकडे पाठवत असतो. विंडोज चालू होताना त्या पोर्टावर आपोआप डेटा येतोय बघून त्याला वाटतं जुन्या काळातला सिरियल माऊस जोडलाय, आणि मग तुमच्या गुळाच्या वजनानं बाण हलवायला लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट' असं काहीतरी बसलेलं दिसेल. त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, केलंत तर पुढच्या वेळी परत येऊन बसतं. काट्यात 'बटण दाबल्यावरच पाठव' अशी सोय असेल तर ती अजून चांगली.

निपाणी_नाद

आयला! बॉलपॉइंटच हाय की हितं. डिसेबल केलं, पीसी रिस्टार्ट केला, बाण जागच्या जागी गप. नाद खुळा. तुमचं दुकान चिकोडीत नेमकं कुठं हाय सांगा, गुळाची ढेप घेऊन येतो.

संकेश्वर_स्टुडिओ

लग्नसराईत आमच्याकडं दोन कार्ड रीडर आणि दोन हार्डडिस्क एकदम चालतात. माझा अनुभव एवढाच, की निम्मे घोटाळे वायरचे असतात. हार्डडिस्कची मूळची आखूड वायर हरवते, मग कुठली तरी लांब बारीक वायर लावतात, त्यातच व्होल्टेज पडतं. वर परत एक्स्टेंशन वायर जोडतात. २.० ला सगळी मिळून ५ मीटरच्या वर जायचंच नाही, आणि हार्डडिस्कला तर हातभरच वायर बरी.

अजून एक. ३.० ची हार्डडिस्क डोंगलच्या अगदी शेजारी लावली की वायरलेस माऊस अडखळतो. ३.० च्या कामाचा रेडिओ आवाज २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं स्वतःच २०१२ ला यावर कागद काढलेला आहे. डोंगलला छोटी एक्स्टेंशन लावून टेबलावर आणलं की माऊस सरळ चालतो. ताईंचा माऊस मेला असं वाटतं त्यात हे पण एक असू शकतं.

कारवार_किनारा

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं पोर्टातल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात तर वेगळंच. साधन दिसतं, जातं, परत दिसतं. सगळं बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पुसतो आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करतो. खानापूर-कणकुंबीकडे पाऊस काय कमी असतो का, एकदा टॉर्च मारून पोर्टात बघा.

हलशीकर

जरा विषयांतर. ताई, कन्नडमधले अर्ज कशात टाइप करता? माझ्याकडं जुनी फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं.

खानापूरची_ताई

जुन्या फाइली नुडीच्या (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) फाँटमधल्या असतात, तो फाँट नसला की तसंच दिसतं. नवीन सगळं युनिकोडमध्येच करते, मराठी पण आणि कन्नड पण, म्हणजे फाइल कुठंही उघडली तरी वाचता येते. जुन्या फाइलींसाठी फाँट टाकून ठेवा आणि मग बदलून घ्या.

आता माझ्या कॉम्प्युटरचं. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं बघितलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ दोन्ही भरपूर आहेत, आणि वेळा बरोबर जुळतात. गिऱ्हाइकाला पावती देते त्यावर वेळ छापलेली असते, त्यावरून ताडून बघितलं. झाडात बघितलं तर हार्डडिस्क, पंखा, डोंगल, ठसे मशीन, वेबकॅम सगळं एकाच हबखाली, आणि हब पुढच्या पोर्टाला!

गाण्याचा प्रयोग पण केला. बाण मेला, कीबोर्ड मेला, गाणं मात्र चालूच होतं. हबची वायर काढून परत लावली तर सगळं आलं. म्हणजे इतके दिवस चालू मशीन बटण दाबून बंद करत होतो आम्ही. पण हे कधी होतं त्याचा काही मेळ लागत नाही. हार्डडिस्क काढून ठेवली तरी दुसरा बिघाड होतोच.

उद्यमबाग_वायरमन

ताई, पीसीचा प्लग ज्या एक्स्टेंशन बोर्डाला आहे त्याला अजून काय काय आहे? प्रिंटर-पीसी सोडून सांगा. आणि सीपीयूच्या पत्र्याला, मागच्या बाजूला, हात लावला की झिणझिण होतं का?

खानापूरची_ताई

हो, झिणझिण होतं, विशेषतः अनवाणी असलं की. बोर्डाला लॅमिनेशन मशीन आहे, ते सकाळी एकदा चालू केलं की दिवसभर चालूच असतं.

उद्यमबाग_वायरमन

सापडलं बघा. दोन गोष्टी सांगतो.

एक, झिणझिण म्हणजे अर्थिंग पोचत नाही. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, फेजकडनं एक, न्यूट्रलकडनं एक, दोन्ही बॉडीला जोडलेले. अर्थिंग असलं तर ते गुपचूप जमिनीत जातं. नसलं की बॉडी मधल्यामध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर, ११०-११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिणच होतं. पण प्रिंटरची बॉडी वेगळ्या व्होल्टेजवर आणि पीसीची वेगळ्या, आणि दोघांमधला दुवा कोण? यूएसबीची वायर. तो फरक त्या बारक्या वायरनं जातो. कधी हब बडबडतो, कधी पोर्टच जळून जातं. वळिवाच्या पावसात मदरबोर्ड जातात त्यातले कितीतरी अर्थिंग नसल्यानं जातात.

दोन, लॅमिनेशन मशीन. त्यात हीटर आहे आणि तो सारखा चालू नसतो. तापलं की थर्मोस्टॅट तोडतो, गार झालं की जोडतो, त्या तोडाजोडीला ठिणगी पडते. तो झटका बोर्डावरनं, अर्थिंग नसलेल्या बॉडीवरनं, हबपर्यंत जातो आणि हब कोलमडतो. तुम्हाला मेळ लागत नव्हता तो म्हणून. मशीनवरची तयारची लाइट पेटते-विझते ना, ती बघत बसा. ती बदलली आणि माऊस मेला असं झालं तर पक्कं.

लॅमिनेशनला वेगळ्या सॉकेटवर घ्या, जवळच्या बोर्डावर नको, भिंतीवरच्या दुसऱ्या पॉइंटावर. आणि अर्थिंगचं काम स्वतः करू नका, वायरमन बोलवा. तो मीटर लावून बघेल, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ यायला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडं. तीन पिनचा प्लग मोडून दोन पिनचा केला असेल तर तो आधी बदला. तुमच्याकडं दिवसभर माणसं येतात, ठसे द्यायला मशीनवर बोट ठेवतात. हे नीट व्हायलाच पाहिजे.

अनगोळकर

वायरमन साहेब, मी ड्राइव्हर आणि कंट्रोलर धरून बसलो होतो, हे बोर्डावर बघितल्याशिवाय सुचलं नसतं. ताई, हार्डडिस्कबद्दल मात्र एक लगेच करा. इतक्या वेळा मध्येच करंट तुटलाय तर त्यातल्या फाइली धोक्यात आहेत. आधी दुसऱ्या डिस्कवर सगळं कॉपी करा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा. पिवळं-लाल दाखवलं तर ती डिस्क कामातून काढा. आणि स्कॅन थेट बाहेरच्या डिस्कवर सेव्ह करू नका, आतल्या एसएसडीवर करा, रात्री एकदम बाहेर कॉपी करा. लोकांची आधारची, जमिनीची कागदं आहेत, त्यांच्या जिवावरची गोष्ट आहे ती.

संकेश्वर_स्टुडिओ

आणि काम झालेले स्कॅन पुसत पण चला ताई. लोकांची कागदं वर्षानुवर्षं आपल्याकडं ठेवायची गरज नसते.

खानापूरची_ताई

मंडळी, सांगायला उशीर झाला, परीक्षेच्या फॉर्मांची गर्दी होती.

लॅमिनेशनची लाइट बघितली. हिरवी झाली आणि त्याच क्षणी माऊस गेला. पुतण्याला पण समोर बसवून दाखवलं, परत तसंच. आता ते मशीन पलीकडच्या भिंतीवर आहे. वायरमन येऊन गेला, आमच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर आत गुंडाळून तशीच सोडलेली होती, जोडलेलीच नव्हती. जोडल्यावर झिणझिण बंद.

हार्डडिस्क मागच्या निळ्या पोर्टाला थेट, मूळच्या आखूड वायरनं. स्कॅन आता एसएसडीवर. डिस्कची तब्येत 'गुड' दाखवतेय, कॉपी पण करून घेतली. पंखा आणि गिऱ्हाइकांचे मोबाईल भिंतीवरच्या चार्जरला, फोटो हवा असला की तेवढ्यापुरता फोन जोडते. अडॅप्टरवाला हब घेतला, दुकानातच उलटा करंट येतो का बघून. पहिला जो दाखवला त्यानं लाइट पेटली होती, तो ठेवून दुसरा घेतला. दुकानदारानंच विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं.

तेव्हापासून एकदाही गोठलेलं नाही, गर्दीच्या दिवशी पण. मदरबोर्ड तोच आहे. फक्त ठसे मशीन सकाळी पहिल्यांदा कधीकधी सापडत नाही, आरडी सर्व्हिस (ठसे मशीनचं सॉफ्टवेअर) 'डिव्हाइस नॉट रेडी' म्हणते. वायर काढून लावली की येतं.

चिकोडी_रिपेअर

ते करंटचं नाही ताई, वीज वाचवायला विंडोज साधन झोपवतं त्याचं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ज्या यूएसबी रूट हबवर ते मशीन आहे त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ' वरची खूण काढा. पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण डिसेबल करा. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असलं की शटडाउन केलं तरी ड्राइव्हर नव्यानं सुरू होत नाहीत, रिस्टार्टलाच होतात.

खानापूरची_ताई

तिन्ही केलं. आज सकाळी पहिल्या झटक्यात ठसा घेतला.

निपाणी_नाद

ताई, हबचा अडॅप्टर किती अँपचा घेतला? मला पण काट्यासाठी आणि बारकोडसाठी घ्यायचा हाय.

खानापूरची_ताई

५ व्होल्ट ४ अँपचा आहे, हबसोबतच आलेला. दुकानात १२ व्होल्टचा अडॅप्टर पण त्याच पिनेचा होता, तो चुकून लावू नका म्हणून दुकानदारानं बजावलंय. मी आमच्या अडॅप्टरवर कागद चिकटवून 'हब' असं लिहून ठेवलंय.

उद्यमबाग_वायरमन

बरोबर केलात. आणि निपाणीकर, घ्यायच्या आधी काट्याची अर्थिंग पण बघून घ्या, काटा लोखंडी असतो आणि गुळाच्या दुकानात फरशी ओली असते.